टास्मानियाचे सोळा मुक्काम

टास्मानियाला किती दिवस लागतात? मेलबर्नमधल्या कुठल्याही मराठी घरात, गणपतीच्या आरतीनंतर खिरापत हातावर पडली की हा प्रश्न टाकून पाहा. एक जण म्हणेल, ‘लाँग वीकेंड बास. शुक्रवारी विमानानं होबार्ट, सोमवारी रात्री घरी.’ दुसऱ्या वहिनी सांगतील, ‘आठवडा घ्या, सगळं होतं.’ आणि कोपऱ्यातलं एखादं निवृत्त जोडपं हळूच सांगेल, ‘आम्ही सहा आठवडे होतो, तरी वायव्येचा कोपरा राहिलाच.’ तिघंही खरं बोलत असतात. विचारणारा मात्र आणखी गोंधळून घरी जातो.

आमच्या घरी हा प्रश्न यंदा फेब्रुवारीत निघाला आणि पुढचे तीन आठवडे जेवणाच्या टेबलावरून उठला नाही. कारणं दोन. एक म्हणजे आमची कॅराव्हॅन. कोविडच्या वर्षी लोकांनी घरी पाव भाजले, झाडं लावली. आम्ही एक जुनी, अठरा फुटी कॅराव्हॅन घेतली. ती गाडीमागे जोडून आम्ही व्हिक्टोरियात बरंच हिंडलो, पण समुद्र ओलांडला नव्हता. दुसरं कारण आई. ती साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली होती, वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. हॉटेलांतून दर रात्री बॅगा उतरवणं तिला झेपणारं नव्हतं. कॅराव्हॅनमध्ये तिचा पलंग, तिची उशी, चार पावलांवर संडास आणि समोर कुकर. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला याहून मोठी चैन नाही.

नवऱ्यानं पहिल्याच रविवारी एक्सेलची शीट काढली. डेव्हनपोर्टला जहाजातून उतरायचं, लाँसेस्टन, पूर्व किनारा, पोर्ट आर्थर, होबार्ट, मग पश्चिमेला स्ट्रॉन आणि क्रेडल माउंटन करून परत डेव्हनपोर्ट. एकूण साधारण बाराशे किलोमीटर. भागिले सात. ‘दिवसाला पावणेदोनशे. अडीच तासांचं ड्रायव्हिंग. सात रात्री म्हणजे ऐसपैस!’ आणि नकाशावर ते तसंच दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या पायाशी सांडलेला एवढासा तुकडा. क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही कमी. वस्ती पावणेसहा लाखांच्या आसपास. एकट्या सातारा जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत ३० लाख माणसं होती. एवढ्याशा बेटाला दिवस ते किती लागणार?

या भागाकारात दोन-तीन गोष्टी बसत नाहीत, आणि त्या आधी कळलेल्या बऱ्या.

पहिली, उजेड. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि त्या महिन्याच्या शेवटी होबार्टला सव्वापाचला सूर्य बुडतो. सूर्य बुडाला की रस्ता जनावरांचा. वॉलबी, वॉम्बॅट, पॉसम आणि नशीब असेल तर टास्मानियन डेव्हिल. सकाळी रस्त्याच्या कडेला मेलेली जनावरं मोजणं आमच्या मुलानं दुसऱ्या दिवशीच सोडून दिलं. मागे दीड-दोन टनांचं घर ओढत असताना समोर वॉम्बॅट आला, तर करकचून ब्रेक मारता येत नाही. त्यामुळे चारच्या आत जागेवर पोचायचं. कॅराव्हॅन पार्कातून सकाळी साधारण दहाला निघायचं असतं. म्हणजे हातात तास उरले सहा. त्यातच जेवण, पेट्रोल आणि ‘अहो, इथं जरा थांबवा ना’.

दुसरी, रस्ता. नकाशावरचे सव्वाशे किलोमीटर कॅराव्हॅन मागे असताना सव्वाशे राहत नाहीत. फोन दोन तास सांगतो, आपण तीन धरायचे.

तिसरी गोष्ट कॅराव्हॅनवाल्यांनाच कळेल. पोचल्यावर चाकांखाली ठोकळे, पातळी, चार जॅक, विजेची वायर, पाण्याचा पाइप, सांडपाण्याची नळी. पाऊण तास. निघताना तेच उलट, शिवाय कपाटं बंद आहेत ना, गॅस बंद आहे ना, मसाल्याचा डबा खाली ठेवला ना. एकाच रात्रीसाठी हा संसार मांडून मोडला तर सहलीचा निम्मा वेळ घरकामातच जातो, तेही गुडघ्यावर बसून.

पैशांचं गणित मात्र नवऱ्याच्या विरुद्ध गेलं, आणि ते त्याच्याच शीटनं दाखवलं. जहाजाचं भाडं गाडी आणि कॅराव्हॅन मिळून जी लांबी होते तिच्यावर ठरतं. ते बेटावर चार दिवस राहा की चाळीस, तेवढंच. राष्ट्रीय उद्यानांचा पासही तसाच. गाडीचा एका दिवसाचा मिळतो आणि दोन महिन्यांचाही मिळतो, आणि दोन महिन्यांच्या पासला जवळपास दोन दिवसांएवढेच पैसे पडतात. म्हणजे जो खर्च टोचतो, तो तिथं पाय ठेवण्याचा. पुढचा प्रत्येक दिवस त्या मानानं स्वस्त होत जातो. ज्यांची स्वतःची कॅराव्हॅन नाही, जे विमानानं जाऊन कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेतात, त्यांचं गणित अगदी उलटं. तिथं मीटर रोज पडतो. तेव्हा कुणी ‘आठवडा बास’ म्हणालं, तर आधी विचारा, घर स्वतःचं होतं की भाड्याचं?

एवढं होऊनही नवरा नऊ रात्रींवर अडला होता. त्याची रजा दहा दिवस. मुलाची शाळा नववीची. मी तीन आठवडे म्हणत होते. रुग्णालयाच्या औषध विभागात सात वर्षं काढल्यावर व्हिक्टोरियात जी लाँग सर्व्हिस लीव्ह मिळते, ती माझ्या नावावर पडून होती.

आई इतके दिवस काही बोलली नव्हती. जावयाच्या आणि मुलीच्या वादात ती पडत नाही, कोथिंबीर निवडते. त्या दिवशी मात्र तिनं शीटकडे बोट केलं. ‘जावईबापू, आळंदी ते पंढरपूर गाडीनं किती वेळ लागतो हो?’

‘पाच-सहा तास लागत असतील, आई.’

‘आम्ही अठरा दिवस घेतो.’

आईनं माउलींच्या पालखीबरोबर दोनदा पूर्ण वारी केली आहे, गुडघे धड असताना. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ते अठरा दिवस कसे वाटलेले आहेत ते तिनं आम्हाला बोटांवर सांगितलं. आळंदीहून पुण्याला आल्यावर दोन मुक्काम. मग दिवे घाट, सगळ्यात दमवणारी चाल, म्हणून सासवडला पुन्हा दोन मुक्काम. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद असं एकेक. चालणाऱ्याचं अंग कुठं मोडून येतं आणि कुठं त्याला पाठ टेकायला हवी, हे त्या वेळापत्रकात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. ‘तुम्ही किलोमीटर मोजताय,’ ती म्हणाली, ‘मुक्काम मोजा ना.’

नवऱ्यानं शीटमध्ये एक नवा रकाना घातला: ‘मुक्काम’. मग गाडी पुढे सरकली. लांबचा किंवा घाटाचा टप्पा झाला की दोन रात्री. एका रात्रीचे थांबे अगदी नाइलाजाचे. जिथं बघायचं थोडं पण बसायचं जास्त, तिथं तीन.

त्याच रात्री मी आणखी एक हिशेब केला, तो शीटमध्ये घातला नाही. आपण सगळे सांगतो, ‘आई तीन महिन्यांसाठी आलीय.’ नव्वद दिवस. त्यातले सोमवार ते शुक्रवार आम्ही सकाळी साडेसातला बाहेर पडतो आणि सहाला परत येतो. ती मधल्या वेळात खिडकीपाशी बसून समोरच्या घरातली पोस्टाची पेटी बघते. शनिवारी मुलाचं क्रिकेट, रविवारी बाजारहाट आणि मंडळाचा कार्यक्रम. नव्वदातले तिच्या-माझ्या वाट्याला येतात किती? मी रात्री झोपण्यापूर्वीचा अर्धा तास धरला, रविवारची सकाळ धरली, आणि तरी बेरीज आठ दिवसांच्या पुढं जाईना. सोळा रात्रींवर मी अडून बसले ती क्रेडल माउंटनसाठी नव्हे.

शेवटी ठरलं ते असं. लाँसेस्टन एक, सेंट हेलन्स तीन, कोल्स बे दोन, पोर्ट आर्थर दोन, होबार्ट तीन, लेक सेंट क्लेअर एक, स्ट्रॉन दोन, क्रेडल दोन. मुलाची शाळा एक आठवडा बुडणार होती. वर्गशिक्षिकेनं त्याला सहलीची रोजनिशी लिहायला सांगून सोडलं. नवऱ्यानं दहा दिवस रजा आणि दोन दिवस लॅपटॉप, यावर तडजोड केली. वायव्येचं स्टॅन्ली आणि दक्षिणेचं ब्रूनी बेट आम्ही गाळलं. गाळताना मुलानं तोंड वाकडं केलं, कारण स्टॅन्लीचा ‘नट’ नावाचा तो ज्वालामुखीचा सपाट माथ्याचा डोंगर त्याला चढायचा होता. पण ते दोन कोपरे घेतले असते तर सगळे तीन आणि दोन एकावर आले असते.

दिशा मात्र जाणूनबुजून उलटी धरली. डेव्हनपोर्टहून क्रेडल जेमतेम ऐंशी किलोमीटर. बहुतेक जण पहिल्या दिवशी तिथंच जातात. आम्ही ते शेवटी ठेवलं, फेगससाठी. त्याबद्दल पुढे.

जहाज आता जिलाँगहून सुटतं. २०२२पर्यंत ते पोर्ट मेलबर्नहून सुटायचं. संध्याकाळी चढायचं, रात्रभर बास सामुद्रधुनी, पहाटे डेव्हनपोर्ट. आईनं आलेपाकाची एक वडी तोंडात धरली आणि केबिनमध्ये शांत झोपली. हलणाऱ्या जहाजाचा त्रास झाला तो जावयाला. उतरताना तपासनीस गाडीत डोकावतात, कधी कुत्राही असतो. ताजी फळं-भाज्या बेटावर नेता येत नाहीत. कढीपत्त्याची डहाळी, मिरच्या, लिंबं, सगळं घरी ठेवूनच निघा. आम्ही कढीपत्त्याची चटणी करून बरणीत नेली. बाकी लाँसेस्टनला आणि होबार्टला भारतीय दुकानं आहेत, मेथीसुद्धा मिळाली.

लाँसेस्टनबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. भाजी घेतली, कॅटरॅक्ट गॉर्जची दरी पाहिली, झोपलो.

सेंट हेलन्स हे मासेमारीचं छोटं गाव. त्याच्या उत्तरेला बे ऑफ फायर्सचा किनारा लागतो. १७७३ साली टोबायस फर्नोनं जहाजावरून इथल्या मूळ रहिवाशांनी पेटवलेल्या आगी पाहिल्या आणि हे नाव दिलं. आता तिथं आगी नाहीत, पण खडक पेटल्यासारखे दिसतात. पांढरी वाळू, निळं पाणी आणि मधे ग्रॅनाइटच्या शिळांवर नारिंगी दगडफूल चढलेलं. आईनं गाडीतून उतरल्या उतरल्या हात जोडले. ‘अगं, शेंदूर!’ खरंच, गावाबाहेरचा एखादा म्हसोबा असावा तसे ते दगड. फक्त इथं मैलच्या मैल म्हसोबाच. ती एका शिळेला टेकून बसली आणि दोन तास उठली नाही. मुलगा पाण्यात जाऊन कुडकुडत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला.

तिथला तिसरा दिवस पावसाचा निघाला. सात रात्रींच्या बेतात असता तर तो दिवस आम्ही गाडीत काढला असता, काचेवरचं पाणी पुसत पुढच्या ठिकाणाकडे. इथं कुणालाच कुठं जायचं नव्हतं. नवरा आणि मुलगा पार्काच्या खेळघरात टेबल टेनिस खेळायला गेले. मी आणि आई कॅराव्हॅनमध्ये. छतावर पाऊस वाजत होता. आई कोथिंबीर निवडत होती, मी पुढ्यात बसून देठ गोळा करत होते.

‘गेल्या श्रावणात मी न्हाणीत पडले होते,’ ती म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तसं.

मी विचारलं, कधी, कशी, किती लागलं. ‘फार नाही. उठता येईना एवढंच. कामवाली दहाला आली तोवर तिथंच होते.’ तासभर. ‘तुला सांगून तू काय केलं असतंस? तिकीट काढलं असतंस. रजा घातली असतीस.’ तिनं पिवळी पानं बाजूला केली. ‘आणि मग दर वेळी फोनवर आधी न्हाणीचीच चौकशी केली असतीस.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी अगदी तेच केलं असतं. मग आम्ही बोलत राहिलो. न्हाणीत बसवायच्या दांड्याबद्दल, वरची खोली कुणाला द्यायची त्याबद्दल, शेजारच्या शिकणाऱ्या मुलीला रात्री सोबतीला बोलवायचं का त्याबद्दल. बाबांच्या खुर्चीबद्दलही, जी तिला द्यायची आहे आणि देववत नाही. इकडे कायमचं येण्याबद्दल मी एकदा विचारलं. ‘नको. तुमची पोस्टाची पेटी मला पाठ झाली,’ एवढंच म्हणाली आणि हसली. दीड वाजता मंडळी भिजून परत आली तेव्हा भात व्हायचा होता.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर हे बोलणं झालं नसतं. मेलबर्नच्या घरातही इतक्या आठवड्यांत झालं नव्हतं.

कोल्स बेला वाइनग्लास बेचा सज्जा चढायला मी आणि मुलगा गेलो, आई खाली किनाऱ्यावर जावयाबरोबर बसली. पोर्ट आर्थरला मात्र ती सगळीकडे हिंडली. १८३० साली लाकूडतोडीचं ठाणं म्हणून सुरू झालेलं हे गाव पुढे कैद्यांची वसाहत झालं आणि १८७७पर्यंत चाललं. आपल्याला काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. इंग्लंडच्या गरिबांचं काळं पाणी हे. स्वतंत्र कोठड्यांच्या तुरुंगात कैद्यांना बोलायची बंदी असे, एकमेकांचा चेहरा दिसू नये म्हणून बाहेर काढताना तोंडावर टोपी ओढलेली असे. आई त्या एका कोठडीत उभी राहिली आणि पटकन बाहेर आली. त्याच आवारात १९९६च्या एप्रिलमध्ये एका बंदूकधाऱ्यानं केलेल्या गोळीबारासह त्या दिवशी ३५ माणसं गेली, आणि त्यानंतर या देशानं बंदुकांचे कायदे बदलले. तिथं एक शांत पाण्याचा हौद आहे. मुलानं रोजनिशीत त्या दिवशी तीनच ओळी लिहिल्या.

होबार्टचे तीन दिवस शहराचे: शनिवारी सलामांकाचा बाजार, माउंट वेलिंग्टनवरचा गारठा, कपडे धुणं. लॅपटॉपचे दोन दिवसही तिथंच उरकले.

पश्चिमेकडचा रस्ता हा आमचा दिवे घाट. लेक सेंट क्लेअर ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात खोल तळं म्हणतात. आम्ही पाहिलं ते धुक्यात, म्हणजे न पाहिल्यासारखंच. तिथून पुढे क्वीन्सटाउनला उतरणारी वळणं लोक नव्याण्णव सांगतात. एके काळी तांब्याच्या भट्ट्यांसाठी इथलं जंगल तोडलं, भट्ट्यांच्या धुरानं उरलेलं मारलं, आणि पावसानं माती धुऊन नेली. डोंगर अजून बोडके आहेत, कुठं कुठं हिरवं परत येतंय. पसरणीचा घाट आयुष्यभर एसटीनं चढउतार केलेली आई पुढच्या सीटवर बसून जावयाला धीर देत होती: ‘सावकाश. मागचा हॉर्न वाजवेना का.’ स्ट्रॉनला पोचलो तेव्हा नवऱ्यानं स्वतःहून सांगितलं, इथं एक रात्र असती तर मी रडलो असतो.

स्ट्रॉनला ह्यूऑन पाइनचा वास घ्या. हे झाड जाडीला वर्षाकाठी मिलिमीटरभर वाढतं आणि हजारांनी वर्षं जगतं. लाकडाला गोड, तेलकट वास असतो, म्हणून ते कुजत नाही. गॉर्डन नदीतून बोट जाते ती याच जंगलातून. फ्रँकलिन नदी जिथं तिला मिळते, त्याच्या खाली या गॉर्डनवर धरण होणार होतं. १९८२–८३ मध्ये लोकांनी ते नावांतून आडवं जाऊन अडवलं आणि १९८३च्या जुलैत उच्च न्यायालयानं ते थांबवलं. बोटीत आईनं लाकडाचा एक तुकडा नाकाशी धरला, आणि देव्हाऱ्यासाठी तसलाच एक विकत घेतला.

आणि फेगस. क्रेडलच्या परिसरात वाढणारं हे छोटं झुडपासारखं झाड टास्मानियाबाहेर कुठंच नाही. ऑस्ट्रेलियाची बहुतेक मूळ झाडं बारा महिने हिरवी. हे मात्र थंडी आली की पिवळं, केशरी, मग लाल होऊन पानं टाकतं. ते होतं एप्रिलच्या शेवटी, अँझॅक दिनाच्या आगेमागे. पहिल्याच दिवशी क्रेडल उरकणाऱ्या बेतात आम्हाला ते हिरवंच दिसलं असतं. आम्ही २५ तारखेला पोचलो. डव्ह लेकपर्यंत शटल बस जाते, आणि तिथं आता काचेचा निवारा आहे. ज्यांना तळ्याभोवतीची सहा किलोमीटरची फेरी जमत नाही त्यांना तिथून डोंगर समोर दिसतो. आम्ही दोघं मुलाबरोबर फेरीला गेलो. परत आलो तेव्हा आई निवाऱ्यात नव्हती, बाहेर वाऱ्यात, शाल कानाभोवती गुंडाळून उभी होती. पलीकडच्या उतारावर पिवळे पट्टे पसरले होते. ‘कासला सोनकी येते ना, तसं,’ ती म्हणाली. ‘पण हे पान आहे म्हणतेस?’ संध्याकाळी परतताना बसच्या खिडकीतून दोन वॉम्बॅट दिसले, गवतात तोंड खुपसून, आमच्याकडे पाठ करून.

परतीच्या दिवशी डेव्हनपोर्टला गाड्यांच्या रांगेत दीड तास होतो. सगळं बंद, गॅस बंद, जहाजासमोर कॅराव्हॅन एकामागे एक. आई पुढच्या सीटवर लसूण सोलत होती, घरी गेल्यावर पिठलं पटकन व्हावं म्हणून. मुलानं नकाशा उघडून पुन्हा स्टॅन्लीचा विषय काढला.

‘ते कुठल्या बाजूला राहिलं रे?’ आईनं विचारलं.

नवऱ्यानं पश्चिमेकडे हात केला. ‘दीड तास, आई.’

‘जवळच आहे की,’ ती म्हणाली, आणि पुढची पाकळी घेतली.